भट्टीच्या कट्ट्यावरचं तिकीट

कुंभकोणममध्ये बाजारामागच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या एक आक्का आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, गुडघ्याने अधू आणि जिभेने धडधाकट. आज माझ्या कमरेला दुकानाच्या किल्ल्या लटकतात त्या या आक्कांमुळे. हे आधीच सांगून टाकतो. एकदा गोष्ट सुरू केली की मी भट्टीत, रेल्वेत, टीसीत असा भरकटत जातो, आणि ज्यांचे उपकार आधी सांगायचे ते शेवटी राहून जातात. आक्का हे वाचणार नाहीत. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्या वाचतात ते तमिळ. पण उद्या कुणी वाचून दाखवलंच, तर पहिल्या ओळीत आपण आहोत एवढं त्यांच्या कानावर पडावं. शेवटपर्यंत ऐकत बसण्याइतका धीर त्यांच्यात नाही.

आता मी कोण ते. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर भागातला, माळरानावरच्या गावचा. आमच्याकडे पोरगं शाळेत रमेना झालं की त्याला गलाईला पाठवतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. देशातलं कुठलंही गाव घ्या, तिथे सराफांची गल्ली असली की तिच्या मागच्या बोळात आमच्याकडचा एखादा माणूस भट्टीपुढे बसलेला सापडणार. मी आठवी अर्ध्यात सोडली. मी म्हणतो सोडली. आमच्या गणिताच्या गुरुजींचं म्हणणं होतं की शाळेनंच हुश्श केलं. मग गावच्याच एका शेठनी मला इकडे आणलं. ते नात्याने लांबचे मामा लागतात, पण भट्टीपुढे नातं चालत नाही, तिथे शेठच म्हणायचं.

मी जात्याच घाबरट. छापील कागद पुढे आला आणि खाली सहीची जागा दिसली की माझ्या तळहाताला घाम सुटतो. गाडीत बसलो की दर स्टेशनला खिसा चाचपून तिकीट आहे ना ते बघतो. कुठे गेलो की उतरल्या उतरल्या आधी परतीचं तिकीट काढतो, मगच कामाला लागतो. परतीचं तिकीट खिशात असलं म्हणजे मला परगावचं पाणीही गोड लागतं.

आणि धंदा पडला असा, की घाबरट माणसाने करू नये. गलाईत सगळा खेळ भरवशाचा. आम्ही कामाला बसताना घालतो त्या सदऱ्याला खिसा नसतो. भट्टीवरून उठलं की हात पिंपातच धुवायचे, ते पाणी सांडायचं नाही, कारण हाताच्या रेघांतून सोन्याचा कण गेलेला असतो. केर बाहेर टाकायचा नाही. झाडू झिजला तरी तो जाळून त्याची राख गाळायची. आणि दुसऱ्याच्या गलाईत पाऊल टाकायचं तर आपल्या खिशात जे असेल ते सगळं काढून मालकाच्या नजरेसमोर कट्ट्यावर मांडायचं. मालक म्हणणार, “असू दे की, तू काय परका हाईस व्हय?” पाहुणा म्हणणार, “न्हाई, रीत ती रीत.” हे दर वेळी दोघांनीही म्हणायचं असतं. माझ्या शेठनी मला सोन्याच्या आधी हेच शिकवलं.

तर त्या वर्षी शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. ते महिनाभर गावी जाणार आणि दुकान माझ्यावर सोपवणार असं त्यांनी जेवताना सहज सांगितलं. “उद्या सकाळी किल्ल्या घे,” म्हणाले आणि भाताला रसम मागितलं. कुंभकोणमला येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण किल्ल्या कधी माझ्या हातात आल्या नव्हत्या. किल्ल्या म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. घरी आईला फोन केला तर ती म्हणाली, “नीट संभाळ, आणि रात्री कमरेलाच बांधून झोप.”

जाण्याआधी शेठनी एक काम दिलं. तंजावरला आमच्या गावचाच एक जण गलाई चालवतो, त्याच्याकडून मुशी आणायच्या. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, काळ्या मातीचं. महिन्याभराच्या मुशी एकदम आणून ठेवल्या की मला दुकान सोडून जायला नको. मी दुपारच्या गाडीने तंजावरला गेलो, उतरलो आणि माझ्या सवयीप्रमाणे स्टेशनवरच्या यंत्रातून लगेच परतीचं तिकीट काढलं. गुळगुळीत पांढऱ्या कागदाचं असतं ते. घडी घालून खिशात ठेवलं आणि निर्धास्त झालो.

तंजावरच्या गाववाल्याची भट्टी पेटलेलीच होती. मी दारातच खिसे रिकामे केले. फोन, पैसे, खोलीची किल्ली, तिकीट. “असू दे की,” तो म्हणाला. “न्हाई, रीत ती रीत,” मी म्हणालो. सगळं कट्ट्यावर मांडलं. आता कट्टा म्हणजे भट्टीचाच कट्टा, विटांचा, तापलेला. फोन बिघडेल म्हणून मी तो लांब सरकवला. किल्लीचं, पैशांचं काय होतंय? आणि तिकीट तर कागद, जळण्याइतकी धग तिथपर्यंत येत नव्हती. तेवढ्यात तो म्हणाला, “आलायस तर जरा चिमटा धर,” आणि मी त्याची एक मूस उतरवू लागलो. गावच्या गप्पा निघाल्या. कुणाची विहीर, कुणाचं लग्न. घड्याळ बघितलं तेव्हा गाडीची वेळ झालेली. मी कट्ट्यावरचं सगळं एका मुठीत गोळा केलं. किल्लीचा चटका बसला, “आयायाय” केलं, ते खिशात कोंबलं, मुशींची पिशवी उचलली आणि पळालो.

पापनाशम आलं, खिसा चाचपला. स्वामीमलै आलं, चाचपला. दारासुरम आलं, चाचपला. कागद हाताला लागत होता. तो उघडून बघावा असं एकदाही मनात आलं नाही. मला काळजी होती ती तिकीट हरवण्याची. तिकीट भाजण्याची काळजी जगात कुणी केली आहे का?

कुंभकोणमला बाहेर पडायच्या दाराशी टीसी उभे होते. पांढऱ्या मिशा, कपाळावर विभूती, काखेत छत्री. इतर लोक त्यांना टाळून कडेने जात होते. मी मुद्दाम समोर गेलो. माझ्याकडे तिकीट आहे याचा मला फार अभिमान वाटतो, म्हणून मी ते नेहमी दोन्ही हातांनी देतो. त्यांनी घडी उलगडली.

आत काळं कुळकुळीत होतं. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं. एका कोपऱ्यात बोटभर राखाडी जागा उरली होती, पण तिथे नेमकं काहीच छापलेलं नव्हतं.

“हे काय आहे?” टीसींनी विचारलं. हे सगळं बोलणं तमिळमध्ये झालं; मला तमिळ येतं, फक्त घाबरलो की त्यातली क्रियापदं पळून जातात.

“तिकीट, सार.”

“हे तिकीट असेल तर माझी छत्रीही तिकीट आहे.” त्यांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, वास घेतला. मग मला तंबी म्हणाले; तंबी म्हणजे धाकटा भाऊ, इकडे वयाने लहान कुणालाही म्हणतात. “तंबी, मी फाटलेली तिकिटं बघितली. पावसात भिजलेली बघितली. एकदा शेळीने खाल्लेलं, अर्धं तिकीट बघितलं. भाजलेलं आजच बघतोय. पिशवीत काय?”

“मुशी, सार. सोनं वितळवायच्या.”

“सोनं वितळवतोस आणि तिकिटाला पैसे नाहीत?”

“पैसे आहेत, सार.”

“मग दंड भर. मोकळा हो.”

त्यांनी पावतीपुस्तक काढलं, त्यात लिहायला सुरुवात केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. “विनातिकीट प्रवास. इथे सही कर.”

तळहाताला घाम सुटला. दंड भरण्याइतके पैसे खिशात होते, आणि मी भांडणाला इतका भितो की एरवी दुप्पट देऊन वर नमस्कार केला असता. पण सही केली म्हणजे मी विनातिकीट ठरलो, माझ्याच हाताने. आणि उद्या सकाळी किल्ल्या घ्यायच्या होत्या. शेठना ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, हे मला माहीत होतं. माझ्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही. आणि ‘फुकट प्रवास केला म्हणून सही दिली’ असं सांगणाऱ्याच्या हातात कोण किल्ल्या देईल? शेठनी दिल्या असत्या तरी मला त्या पेलल्या नसत्या.

“सही नाही करत, सार,” मी म्हणालो. ते ऐकून टीसींपेक्षा मलाच जास्त धक्का बसला.

“म्हणजे?”

“म्हणजे... तिकीट होतं, सार. हेच ते.”

“मग बाजूला उभा राहा. गर्दी गेली की आत ऑफिसात बसू आणि सगळं रीतसर लिहू.”

मी बाजूला उभा राहिलो. रीतसर हा शब्द मला कधीच मानवलेला नाही. तोंडातून मराठीत निघून गेलं, “शेठला आता काय तोंड दावू रं देवा!”

“कोण रे तो? मराठी बोलतो तो कोण?”

मागच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. मांडीवर कापडात बांधलेलं पार्सल, कमरेला बटवा. मी जवळ गेलो. तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून इथे राहिलेली जुनी मराठी घराणी मला ऐकून माहीत होती, पण कधी बोलणं झालं नव्हतं. त्यांची मराठी म्हणजे कीर्तनातली बुवांची भाषा तमिळच्या चालीवर म्हटल्यासारखी. त्या रागावल्या तरी काहीतरी पुण्य लागल्यासारखं वाटतं.

“कशास भितोस? काय झाले तुज?”

“आज्जी, म्या तिकीट काढलं हुतं...”

“आज्जी कोणास म्हणतोस? आक्का म्हण. कोठला तू?”

“सांगलीकडचा, आक्का.”

“ते कोठे आले?”

“लांब हाय.”

“लांबच असणार. जवळचे कोणी इतके भिऊन उभे राहात नाहीत. बैस. सांग.”

मी बसलो आणि भट्टी, कट्टा, किल्ल्या, शेठच्या मुलीचं लग्न असं सगळं एका दमात सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून विचारलं, “पैसे आहेत तुजकडे?”

“हायत.”

“मग देऊन टाकून घरी का जात नाहीस?”

“पैशाचं न्हाई वो, आक्का. सहीचं हाय. सही केली की मी चोर. मग त्या किल्ल्या हातात घेऊन काय करू?”

आक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हे कापड धुतल्यावर आटेल की नाही, असं बघतात ना, तसं. मग गुडघ्यावर हात दाबून उठल्या आणि “अय्यो” म्हणाल्या. ते गुडघ्याला म्हणाल्या की मला, ते कळलं नाही.

टीसींशी त्या तमिळमध्ये बोलल्या, आणि ते तमिळ मात्र कीर्तनातलं नव्हतं.

“तंबी, तुझ्या बायकोचा लग्नातला निळा ब्लाऊज कुणी शिवला होता?”

टीसींनी इकडेतिकडे पाहिलं. “अम्मा, हे आत्ता कशाला...”

“कुणी शिवला?”

“तुम्हीच.”

“उसवला कधी?”

“नाही, अम्मा.”

“मग मी बोलते ते नीट ऐक. हा पोरगा म्हणतो, तिकीट कट्ट्याच्या धगीने काळं झालं.”

“तो काहीही म्हणेल. कागद तापून काळा होतो का? तापला तर जळेल, नाहीतर नाही जळणार.”

आक्कांनी वाद घातला नाही. शेजारच्या स्टॉलवरून त्यांनी एक कॉफी मागवली, धगधगीत, स्टीलच्या पेल्यात आणि खाली खोलगट वाटीसारखा डवरा, इथे देतात तशी. टीसींना वाटलं ती आपल्यासाठीच, त्यांनी हात पुढे केला. आक्कांनी तो हात बाजूला केला आणि बटव्यातून एक गुळगुळीत पांढरा कागद काढला.

“हे काय?” त्यांनी टीसींना विचारलं.

“तुमचं प्लॅटफॉर्म तिकीट.”

“खरं की खोटं?”

“खरं.”

“नीट बघून घे. मागाहून म्हणशील बघितलंच नव्हतं.”

टीसींनी नीट बघितलं. आक्कांनी तिकीट स्टॉलच्या फळीवर ठेवलं आणि त्याच्यावर तो गरम पेला टेकवला. हमाल थांबला, फुलवाली थांबली, कॉफीवाल्याने दूध ओतायचं थांबवलं. आक्कांनी पेला उचलला. पांढऱ्या कागदावर गोल गरगरीत काळं कुंकू उमटलं होतं. मग त्यांनी कागद पेल्याभोवती गुंडाळून पदराने दाबून धरला. सोडला तेव्हा त्यावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“आता सांग,” आक्का म्हणाल्या, “मी बिनतिकिटाची झाले का? लिही पावती. माझी आधी लिही, मी वयाने मोठी आहे.”

लोक हसले. टीसी हसले नाहीत, पण त्यांची मिशी एका बाजूने हलली. ते थोडा वेळ दोन्ही काळे कागद शेजारी शेजारी धरून बघत राहिले.

“अम्मा, कागद काळा होतो, हे पटलं. पण हा कागद आजचाच, तंजावरचाच, हे मला कोण सांगणार? कुणीही गेल्या महिन्याचं तिकीट चुलीवर धरून आणेल. आज याला सोडलं तर उद्या सगळं गाव तिकिटं भाजून आणेल. मी काय कॉफी पाजत बसू?”

“बरोबर हाय त्यांचं,” मी आक्कांना मराठीत हळूच म्हणालो. समोरच्याचं म्हणणं मला नेहमीच फार लवकर पटतं.

“तू गप्प बैस!” आक्का म्हणाल्या. पण टीसींना उत्तर देण्याऐवजी त्यांनी चष्मा पुसायला घेतला. माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा ते पेन आलं.

तेवढ्यात चेन्नईकडे जाणारी गाडी येत असल्याचं भोंग्यातून ऐकू आलं आणि आक्का एकदम दचकल्या. “अय्यो! माझे ब्लाऊज!”

त्यांच्या हातातल्या पार्सलात एका नवऱ्या मुलीचे ब्लाऊज होते. मुलगी याच गाडीने लग्नाला चालली होती आणि खिडकीतून पार्सल घेणार होती. तिचा डबा शेवटी, पार प्लॅटफॉर्मच्या टोकाला. आक्का म्हणूनच लवकर येऊन बसल्या होत्या, सावकाश चालत तिथपर्यंत जाता यावं म्हणून. तो सगळा वेळ त्यांनी माझ्यावर आणि कॉफीवर घालवला होता. आणि गाडी इथे थांबते ती नावापुरती.

“तू जा,” त्यांनी पार्सल माझ्यापुढे केलं.

“तो कुठे जातो?” टीसी म्हणाले. “त्याला मी थांबवलाय.”

“मग तू जा.”

“मी? ब्लाऊज घेऊन पळू?”

“जरीच्या काठाचे आहेत, चांगले आहेत. लाजायचं काय त्यात?”

गाडीचा आवाज जवळ आला. टीसींनी गाडीकडे पाहिलं, पार्सलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “पळून गेला तर?”

“पळाला तर त्याचा दंड मला लाव. तिकीट तर माझ्याकडेही नाही.”

टीसींनी कपाळाला हात लावला आणि मला हाताने ‘जा’ म्हणून खूण केली.

आणि मी पळायच्या आधी खिसे रिकामे करायला लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. पार्सलात जरतार होती, म्हणजे चांदीच. दुसऱ्याचा जरीचा माल हातात घ्यायचा तर आपले खिसे आधी त्याच्या समोर रिकामे, हे माझ्या हातांना इतकं ठाऊक आहे की ते मला विचारत नाहीत. फोन, पैसे, खोलीची किल्ली, सगळं मी कॉफीच्या फळीवर मांडलं.

“मूर्खा, स्टोव्हपासून लांब ठेव!” आक्का ओरडल्या.

सगळं स्टोव्हला चिकटून ठेवलं होतं. फोनसुद्धा. मी ते घाईने पलीकडे सरकवलं, मुशींची पिशवी तिथेच टाकली, पार्सल छातीशी धरलं आणि पळालो. पळता पळता एवढंच दिसलं की टीसी फळीवरच्या त्या वस्तूंकडे टक लावून बघत होते.

शेवटच्या डब्यापर्यंत पोचलो तेव्हा गाडी थांबून झाली होती. खिडकीतून मेंदीने भरलेले दोन हात बाहेर आले होते. “आक्का कुठे?” मुलीने विचारलं. “त्यांना टीसीने पकडलंय,” मी धापा टाकत म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं. तमिळ क्रियापदं त्या वेळी जी सापडतील ती. मुलगी किंचाळली, गाडी हलली आणि पार्सल आत गेलं.

मी परत फिरलो. त्या टोकाला प्लॅटफॉर्म उतरून सरळ रस्त्यावर जाणारी पायवाट आहे. तिथे ना दार, ना टीसी. अर्धं गाव तिथूनच ये-जा करतं. हे मला दुसऱ्या दिवशी शेठनी सांगितल्यावर लक्षात आलं. त्या वेळी मला ती दिसलीही नाही. घाबरलेल्या माणसाला पळून जायचंही सुचावं लागतं.

परत आलो तर टीसी बाकावर बसून कॉफी पीत होते. तीच, आक्कांची, आता निवलेली. आक्का शेजारी बसून गुडघा चोळत होत्या.

“दिलंस?” आक्का.

“दिलं. पण ती जरा घाबरलीया.”

“आलास परत?” टीसींनी विचारलं.

“माझं तिकीट तुमच्याकडं राहिलंय, सार.”

टीसींना ठसका लागला. कॉफी मिशीतून विभूतीपर्यंत गेली. रुमालाने तोंड पुसून त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. माझे पैसे, किल्ली, फोन तसेच होते. “तंजावरला तिकीट असंच ठेवलं होतंस?”

“हो, सार. दुसऱ्याच्या भट्टीत खिसा भरलेला ठेवू नये.”

“कुणी सांगितलं म्हणून?”

“कुणी सांगावं लागत नाही, सार.”

“आत्ताही कुणी सांगितलं नव्हतं,” ते आक्कांना म्हणाले, जणू मी तिथे नव्हतोच. मग त्यांनी पावतीपुस्तक मिटलं, पेन खिशाला लावलं आणि माझं काळं तिकीट माझ्या हातात ठेवलं. “जा. आणि यापुढे तिकीट काढलं की लगेच त्याचा फोटो काढून ठेव.”

त्या दिवसापासून मी प्रत्येक तिकिटाचा फोटो काढतो. बसच्याही. देवळाबाहेर चपला ठेवल्याच्या बिल्ल्याचाही.

“आणि अम्मा,” टीसी उठता उठता म्हणाले, “तुम्ही मात्र नवीन प्लॅटफॉर्म तिकीट काढा.”

“कशाला? मी बाहेरच चालले आहे,” आक्का म्हणाल्या, आणि मी फळीवरचं सामान आणि पिशवी उचलताच माझ्या हाताला धरून त्यांच्या समोरून बाहेर पडल्या.

रिक्षात त्यांनी नवऱ्या मुलीला फोन करून आपण सुटलो असल्याचं कळवलं. मग घर येईपर्यंत मला बोलल्या. पिशवीत मुशी असताना पिशवी स्टेशनवर टाकून का धावलास, खातोस काय, इतका वाळलेला कसा, आणि ‘हाय’ काय म्हणतोस, ‘आहे’ म्हण. मी सगळ्याला “व्हय आक्का” म्हणत राहिलो.

घरी गेल्या गेल्या शेठना सांगितलं. त्यांनी तिकीट दिव्याजवळ नेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं, आम्ही सोन्याचा टंच बघतो तसं. “कट्ट्यावर ठेवलं हुतंस?”

“व्हय, शेठ.”

त्यांनी तंजावरला फोन लावला आणि आमच्या गाववाल्याला झाडला. “पाव्हण्याचं सामान धगीच्या बाजूला मांडू देतोस व्हय रं? डोळं कुठं हुतं?” पलीकडून काहीतरी आलं, त्यावर म्हणाले, “न्हाई, त्यानं सही केली न्हाई.” हे सांगताना त्यांचा आवाज बदलला, किंवा मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या माझ्या तळहातावर आल्या. त्या थंडगार होत्या. शेठ लग्न उरकून परत आले तेव्हा मी त्या पुढे केल्या, तर म्हणाले, “असू दे की.” मी म्हणालो, “न्हाई, रीत ती रीत.” तर रागावले. तेव्हापासून त्या माझ्याकडेच आहेत.

काही दिवसांनी आक्का गलाईत आल्या. रिक्षातून उतरताना पदराखाली काहीतरी धरलेलं. जुन्या जरीच्या साड्या घेणारे लोक आमच्या गल्लीतून हाका मारत फिरतात. साडी जाळली की जरीतली चांदी निघते. आक्का त्यांना दारात उभं करत नाहीत, हे गल्लीला माहीत आहे. त्यांनी धोतराच्या कापडात गुंडाळलेली साडी काढली. तिरुभुवनमच्या मागावरची, त्यांच्या लग्नातली, घड्यांवर चिरलेली. मी काठ बोटावर घेतला. जरतार खरी होती, जड होती.

“यांतून चांदी निघते म्हणे?”

“चांगली निघंल, आक्का.”

“आत्ता नाही काढायची.” त्यांनी साडी माझ्या हातातून परत घेतली. “नेसत नाही मी, परंतु अजून उघडून बघते. माझे बघणे थांबले की तू जाळ.”

मी घाईने म्हणालो, “असं बोलू नगासा, आक्का.”

“डोळ्यांचे म्हणते रे! मोतीबिंदू आहे. जीव कोणास द्यायचा आहे?” मग साडी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “ते हाका मारणारे किती चांदी निघाली ते खरे सांगणार नाहीत. तुज देईन. सही करीना तो वजन खोटे सांगायचा नाही.”

आणि धग लागू नये म्हणून साडी पोटाशी धरून त्या भट्टीपासून लांबच्या दाराने बाहेर पडल्या.

ती साडी अजून त्यांच्या पेटीत आहे आणि त्या अजून ती उघडून बघतात. त्यांनी खुशाल बघत राहावं, मला घाई नाही. पण ज्या दिवशी ती माझ्या भट्टीपाशी येईल, त्या दिवशी मी आधी आक्कांसमोर माझे खिसे उलटे करीन. त्या “असू दे” म्हणाल्या तरी करीन. जरीतला कण न् कण गाळून काढीन, मजुरी घेणार नाही, गाळताना जाते ती घट धरणार नाही, आणि त्या चांदीचा छोटा पेला आणि डवरा करवून घेईन, स्टेशनवरच्या त्या स्टॉलवर होता तसाच. आक्का, त्यात तुम्हाला पहिली कॉफी मी माझ्या हाताने आणून देईन, धगधगीत. तुमचं देणं एवढ्याने फिटायचं नाही, पण फेडायला सुरुवात तरी मी तिथूनच करीन.